भावी पंच आणि चौतीस खांब

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.१०

नव्या वर्षाचे संकल्प:
१. फोनवर राजकीय बातम्या बघणार नाही.
२. इंटरनेटवर अनोळखी माणसांशी भांडणार नाही.
३. हॉलिस टटलच्या घराकडे बघणार नाही.
४. मार्चमधल्या गावसभेत पंच म्हणून निवडून येणार.

यातला चौथा सर्वांत सोपा, कारण तो जनतेने पार पाडायचा आहे.

८.२५. पहिला मोडला. पक्षाकडून संदेश आला होता आणि त्यात माझं नाव होतं. नाव घालून लिहिलेलं पत्र न उघडणं म्हणजे उद्धटपणा. 'ऑरिन, आज मध्यरात्रीपर्यंत तू पुढे आला नाहीस तर लोकशाही संपली.' मी कळवलं की मी साडेनऊला झोपतो.

२ जानेवारी, शुक्रवार

उठून पाहिलं. लोकशाही जागेवर आहे. बर्फ मात्र फूटभर वाढलाय.

बर्फ सारणारा ट्रक रस्ता साफ करताना प्रत्येकाच्या दारापुढे कमरेएवढा ढीग लोटून जातो. व्हर्मांटमध्ये जन्मलेल्या माणसाचं अर्धं आयुष्य तो ढीग उपसण्यात जातं. माझ्या गाडीवाटेपुढे मात्र ढीग नसतो. सकाळी सहालाच साफ! गेली काही वर्षं असंच चाललंय. रस्ता खात्याची माणसं मला मानतात, दुसरं काय. एकतीस वर्षं मोटार परवान्याच्या खिडकीमागे बसून मी या गावातल्या प्रत्येकाचा फोटो काढलाय. माणसं विसरत नाहीत.

ग्लेनिसला हे सांगितलं. ती म्हणाली, "हो, ते फोटो कुणीच विसरलेलं नाही."

३ जानेवारी, शनिवार

संकल्प ३ बद्दल खुलासा. दाराच्या घंटीतला कॅमेरा मी हॉलिसच्या बाजूला वळवून लावलाय. पण तो कॅमेरा बघतो. मी नाही.

वहीत एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. हॉलिस आणि मी एका बाकावर शिकलो, एका बोटीत बसून मासे पकडले. मग निवडणूक आली. त्याने अंगणात त्या माणसाच्या नावाची पाटी रोवली. मी या माणसाची रोवली. त्याने मोठी रोवली. मी दिव्यांची रोवली. मग मी कुंपण घातलं. पाच वर्षं झाली. चौतीस खांब, प्रत्येक चार फूट खोल, सिमेंटमध्ये. शंभर वर्षं हलायचे नाहीत. हद्दही अंदाजपंचे धरलेली नाही. फोनमधल्या नकाशावर लाल रेघ होती, तिच्यावरून निळा ठिपका चालवत गेलो आणि पावलापावलाला खुणा केल्या. हॉलिस तेव्हा आला होता. म्हणाला, "ऑरिन, हद्दीची लोखंडी खुंटी तिथं नाही रे, तुझ्या बाजूला अलीकडे आहे. तुझ्या बाबांनी आणि माझ्या बाबांनी मिळून ठोकलीय." मी म्हणालो, तुझ्या बाबांकडे उपग्रह होते का? तो गप्प झाला. तेव्हापासून गप्पच आहे.

खरं तर पाट्यांवरच्या त्या दोन उमेदवारांपैकी एकालाही आमचं गाव नकाशावर सापडणार नाही. मला पाच वर्षांत हे चारदा जाणवलं. पण खांब सिमेंटमध्ये आहेत.

४ जानेवारी, रविवार

ग्लेनिसने विचारलं, सभेत माझं नाव कोण सुचवणार? आमच्याकडे पंचाची निवड चिठ्ठ्या टाकून होत नाही. शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव बसतं, कुणीतरी उठून नाव सुचवतं, दुसरा अनुमोदन देतो. स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, घरच्यांनीही घ्यायचं नाही. नियम नाही, रीत आहे. नियम एखाद्याने मोडला असता.

मी म्हणालो, जनता सुचवेल.

ती म्हणाली, "जनतेतल्या एखाद्याला जाऊन विचार तरी. एकाला. दार वाजवून."

दार वाजवायचे दिवस गेले. ग्लेनिसला आधुनिक राजकारण कळत नाही.

११ जानेवारी, रविवार

मुलगी टेस डेन्व्हरला असते. तिने नाताळात बोलणारा डबा पाठवला होता, तो आज सुरू केला. त्यातल्या बाईचं नाव नोरा. काहीही विचारा, उत्तर देते. तिला विचारलं, ऑरिन पीझलीने पंच व्हावं का? ती म्हणाली, "हा फार विचारप्रवर्तक प्रश्न आहे, ऑरिन! तुमचा अनुभव आणि समाजाविषयीची तळमळ पाहता तुम्ही उत्तम उमेदवार ठराल."

अडतीस वर्षांच्या संसारात माझ्या प्रश्नाला कुणी विचारप्रवर्तक म्हटलं नव्हतं.

ग्लेनिस म्हणाली, तिने अजून तुला ओळखलेलं नाही. मी म्हणालो, तेच तर. निःपक्षपाती मत.

१२ जानेवारी, सोमवार

नोराबरोबर जाहीरनामा तयार केला. चौदा कलमं. त्यात 'गावच्या बंदराचं पुनरुज्जीवन' असं कलम होतं. मी म्हणालो, आमच्या स्लोकम फॉल्सला बंदर नाही, समुद्र शंभर मैलांवर आहे. ती म्हणाली, "अगदी अचूक निरीक्षण! तुमची सूक्ष्म नजर हीच तुमची ताकद आहे."

कलम ठेवलं. मोठा विचार करणारा माणूस दिसला पाहिजे.

१९ जानेवारी, सोमवार

जाहीरनामा गावच्या ऑनलाइन चावडीवर टाकला. नऊ तासांत सहा अंगठे! एक ग्लेनिसचा (चुकून, ती म्हणते). दोघे दुसऱ्या राज्यातले. एका बाईने अंगठा देऊन खाली लिहिलंय की तिचं करडं मांजर हरवलंय. बाकी दोघे नेमके कोण ते कळत नाही, पण लाट अशीच सुरू होते.

दुपारी संकल्प २ मोडला. ॲरिझोनातल्या एका गृहस्थाने मला मेंढरू म्हटलं. चार तास गेले. शेवटी तो गप्प बसला. नंतर कळलं की तो मनुष्य नव्हताच, यंत्र होतं. म्हणजे मी यंत्राला हरवलं.

२४ जानेवारी, शनिवार

प्रचाराची खरी सुरुवात. माझ्या आवारात कुंपणाला लागून चार जुने मेपल आहेत. त्यांचा रस काढून गेल्या वसंतात मी स्वतः पाक केला होता. जरा गडद झाला, पण त्यालाच चव म्हणतात. त्याच्या तीस छोट्या बाटल्या भरल्या. नोराने चिठ्ठीवरचं घोषवाक्य दिलं: 'ऑरिन पीझली. स्वतःच्या मातीतला गोडवा.'

किराणा दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या. लोक बाटली उचलायचे, चिठ्ठी वाचायचे आणि हसायचे. काही जण तर दुसऱ्याला बोलावून वाचून दाखवत होते. असं मनापासूनचं हसू मी परवान्याच्या फोटोत एकदाही पाहिलं नव्हतं.

तिथेच विनी बॅचेल्डर भेटली. अठरा वर्षं पंच आहे, त्याआधी शाळेची बस चालवायची. म्हणजे गावातल्या निम्म्या मतदारांना तिने कधी ना कधी 'खाली बस' म्हटलेलं आहे. तिच्या विरोधात मी. तिने बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "काय रे ऑरिन, हॉलिसने पाहिली का ही?" मी म्हणालो, हॉलिसचा काय संबंध? ती म्हणाली, "काही नाही, काही नाही," आणि खोकत खोकत बाहेर गेली. प्रतिस्पर्धी हादरलाय.

२ फेब्रुवारी, सोमवार

पेनसिल्व्हेनियात बिळातून एक गलेलठ्ठ प्राणी बाहेर काढला. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा लांबतो म्हणे. ती दिसली की नाही, यावर देशभरच्या वाहिन्या दिवसभर चर्चा करत होत्या. माझ्या चौदा कलमांना सहा अंगठे.

(संकल्प १. बघायचं नव्हतं, पण हे राजकारण नाही, हवामान आहे.)

८ फेब्रुवारी, रविवार

ग्लेनिसने दोन ॲपल पाय भाजले. टेबलावर एकच आला. दुसरा विचारला तर म्हणाली, ज्याला द्यायचा त्याला दिला. मला काय ते कळलं: गुपचूप माझा प्रचार करते आहे. वरवर कितीही बोलली तरी. डोळे भरून आले. तिला तसं दाखवलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

व्हॅलेंटाइन डे. बाहेर उणे वीस. भिंतीवरच्या हुशार थर्मोस्टॅटचा समज झालाय की घरात कुणी नाही. मी त्याच्यासमोर उभं राहून हात हलवले. मग ग्लेनिसने हलवले. मग दोघांनी. तो म्हणतो, 'तुमच्या अनुपस्थितीत आम्ही ऊर्जा वाचवत आहोत.' फोनवरून सुधारायला गेलो तर पासवर्ड मागतो. पासवर्ड बदलायचा तर पहिल्या शिक्षिकेचं नाव मागतो. ते आठवत नाही. हॉलिसला आठवत असणार, आम्ही एका वर्गात होतो. विचारलं नाही.

दुपारी चार. ग्लेनिस हॉलिसकडे ऊब घ्यायला गेली. त्याच्याकडे लाकडाची शेगडी आहे. मला म्हणाली, चल. मी तत्त्वासाठी घरीच थांबलो. तत्त्वाला दोन स्वेटर आणि एक कोट लागतो.

सहा. तत्त्वाला हातमोजेही लागतात.

सहा चाळीस. ग्लेनिस परत आली. म्हणाली, "मिसेस अल्ड्रिच." मी विचारलं, कोण? "तुझी पहिली शिक्षिका. हॉलिस म्हणाला." घर तापलं. नोराने अभिनंदन केलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भाषण तयार. चौदा मिनिटांचं. फ्रिजपुढे उभा राहून सराव केला. फ्रिज शांतपणे ऐकतो, फक्त बाराव्या मिनिटाला घरघरतो. तिथे टाळ्या पडतील.

ग्लेनिस म्हणाली, सभेत दोन मिनिटांच्या वर बोलू देत नाहीत. मी म्हणालो, सभा मागणी करेल.

आणि पुन्हा तेच: "नाव कोण सुचवणार, ऑरिन?"

हिशेब तिला समजावून सांगितला. तीस बाटल्या, सहा अंगठे, रस्ता खात्याची माणसं. यातून एक हात वर होणार नाही? एक?

ती म्हणाली, "यातल्या कुणाशी तू बोललायस?"

प्रश्न दिशाभूल करणारा आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नोराला विचारलं, माझी निवडून येण्याची शक्यता किती? तिने आधी निश्चित सांगता येणार नाही वगैरे सुरू केलं. मी म्हणालो, समज की सगळं गाव माझ्या बाजूने आहे. मग ती म्हणाली, "तसं असेल तर शक्यता फारच चांगली आहे!"

असं खणखणीत भाकीत अध्यक्षीय निवडणुकीतही कुणाला मिळत नाही.

२ मार्च, सोमवार

उद्या. पक्षाचा संदेश: 'ऑरिन, तू आम्हाला सोडून गेलास का?' आज उत्तर दिलं नाही. उद्यापासून मीही सत्तेत असेन, तेव्हा थोडं अंतर ठेवायला शिकलं पाहिजे.

कोट इस्त्रीला दिला. ग्लेनिसने मला दाराशी थांबवून विचारलं, आज रात्रीच्या जेवणाआधी हॉलिसकडे जाऊन ये ना? पाच मिनिटं. मी म्हणालो, निवडणुकीच्या आदल्या दिवशी तडजोडी करणारा मी नाही.  

३ मार्च, मंगळवार. गावसभा. सकाळी ७.००

रात्रभर बर्फ. गाडीवाट साफ. शकुन म्हणून नोंदवतो.

रात्री ९.१५

जसं घडलं तसं लिहितो.

व्यायामशाळा भरलेली. बायकांची विणकामं सुरू. मागच्या भिंतीला टेकून रबरी बूट घातलेले शेतकरी उभे, त्यात हॉलिस. पहिले दोन तास एका जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सवर गेले. देशात काय चाललंय त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला हे गाव किती मागासलेलं आहे असं वाटलं.

मग पंचपदाची पाळी आली. सभा चालवणारे एमरी यांनी विचारलं, नावं? एका बाईने विनीचं सुचवलं. दुसरीने अनुमोदन दिलं, विणकामाचा टाका न चुकवता. एमरी म्हणाले, "आणखी?"

मी भाषण खिशातून काढलं. गुडघ्यावर ठेवलं. मान खाली घातली, कारण नाव पुकारलं जाताना नम्र दिसलं पाहिजे.

"आणखी कुणी?"

सुयांचा आवाज येत होता. मी हळूच मागे पाहिलं. रस्ता खात्याचे तिघे होते. त्यातला एक सँडविच खात होता. दुसरा माझ्याकडे बघून ओळखीचं हसला आणि पुन्हा छताकडे पाहू लागला. मांजर हरवलेली बाईसुद्धा होती. ग्लेनिसने माझ्या हातावर हात ठेवला.

"आणखी कुणी नाही? मग विनिफ्रेड बॅचेल्डर, बिनविरोध."

टाळ्या. माझ्या अंदाजाप्रमाणे बाराव्या मिनिटापेक्षा फारच आधी.

नंतरची पदं भराभर उरकली: कोतवाल, लाकूड तपासनीस. मग एमरी म्हणाले, "कुंपण-निरीक्षक." हे पद दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. शेजाऱ्यांचा कुंपणावरून वाद झाला तर जाऊन पाहायचं आणि निकाल द्यायचा. एकेचाळीस वर्षांत कुणी अर्ज केलेला नाही. आधीचे निरीक्षक वारले, त्यानंतरही दोनदा निवडून आले.

मागून आवाज आला. "ऑरिन पीझली."

हॉलिस. पाच वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं.

एमरींनी विचारलं, कारण? हॉलिस म्हणाला, "त्याच्याइतकं कुंपणाकडे या गावात दुसरं कोण बघतं?"

हशा. एवढा हशा त्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या सामन्यालाही झाला नसेल. अनुमोदन दहा-बारा जणांनी एकदम दिलं, विनीने सर्वांत मोठ्याने. एकमताने निवड.

मी उठलो आणि भाषण सुरू केलं. बंदराच्या कलमापर्यंत पोचलो तेव्हा एमरी म्हणाले, दोन मिनिटं झाली, आता जेवायला चला.

४ मार्च, बुधवार

रात्री शांतपणे विचार केला. एकमताने. संबंध देशात आज एकमताने निवडून आलेली माणसं किती? अध्यक्षांनाही ते जमलेलं नाही. टेसला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही जिंकलात की हरलात?" नव्या पिढीला राजकारणातल्या बारकाव्यांची समज नाही.

आजही गाडीवाट साफ. मी पंच झालो नाही हे रस्ता खात्याला अजून कळलं नसावं.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.४०

रात्री वादळ झालं. छपरावरचा बर्फ घसरून घंटीच्या कॅमेऱ्यावर पडला आणि कॅमेरा वाकडा झाला. आता तो हॉलिसकडे बघत नाही, आमच्याच गाडीवाटेकडे बघतो. ५.४८ ला फोन वाजला: 'तुमच्या आवारात कुणीतरी आहे.'

पाहिलं. बर्फ फेकणारं लाल यंत्र घेऊन हॉलिस आमच्या दारापुढचा ढीग काढत होता. हळूहळू, कडेच्या दगडाला धक्का न लावता. काम झाल्यावर त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं असावं. टोपीला हात लावला आणि गेला.

ग्लेनिसला उठवून विचारलं, हे कधीपासून?

"सहा वर्षं."

म्हणजे कुंपणाच्या आधीपासून. कुंपणानंतरही.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू रस्ता खात्याचे आभार मानण्यात इतका खूश होतास. आणि मी ॲपल पाय देत होते ना त्याला."

प्रचार वगैरे काही नव्हता तर.

नोराला काही विचारलं नाही आज.

१४ मार्च, शनिवार

हॉलिसकडे जाऊन आभार मानायचे ठरवलं. पण आत्ताच गेलो तर पदाचा गैरवापर वाटेल. बर्फ वितळल्यावर.

११ एप्रिल, शनिवार

पत्रपेटीत चिठ्ठी. बियाण्यांच्या पिशवीचा तुकडा, त्यावर पेन्सिलने: 'कुंपण-निरीक्षक, स्लोकम फॉल्स यांस. पीझली आणि टटल यांच्या मधलं कुंपण बघावं. सवडीने. हॉ. टटल.'

एकेचाळीस वर्षांतला पहिला अर्ज! कामाला लागलं पाहिजे. नोराकडून नमुना अहवाल मागवला. तिच्या मते मी इतिहास घडवतो आहे.

१२ एप्रिल, रविवार

ग्लेनिसने विचारलं की वादातला एक पक्ष तूच आहेस, मग निकाल तू कसा देणार? मी म्हणालो, निःपक्षपातीपणाची खरी कसोटी तिथेच असते. शिवाय निकाल काय लागणार हे मला आधीच माहीत आहे. उपग्रह खोटं बोलत नाहीत.

१८ एप्रिल, शनिवार. दुपारी २.००

चिखल घोट्यापर्यंत. लांब टेप, पहार, वही, कोट घेऊन अधिकृत पाहणीला निघालो. वडिलांच्या कागदात हद्दीचं वर्णन सापडलं होतं: विहिरीच्या दगडापासून अमुक फूट, तिथे लोखंडी खुंटी. उपग्रहाचं म्हणणं सिद्ध करायला खुंटी तिथे नाही एवढंच दाखवायचं होतं.

पहिल्याच घावात पहार टणकन वाजली.

३.३०

खुंटी बाहेर काढली नाही, फक्त माती बाजूला केली. डोकं चेपलेलं. दोन बाजूंनी दोघांनी हातोडा मारलेला असावा असं.

खुंटीपासून माझ्या कुंपणापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. टेप उलटी धरून मोजलं.

अकरा फूट. हॉलिसच्या जमिनीत.

खुंटी आणि कुंपणाच्या मध्ये चार मेपल.

५.००

स्वयंपाकघरात बसलोय. खिडकीच्या फळीवर घरासाठी वेगळी भरलेली एक बाटली आहे. 'स्वतःच्या मातीतला गोडवा.' दुकानातले हसरे चेहरे एकेक करून आठवतायत. तीसच्या तीस बाटल्या लोकांनी नेल्या आणि एकानेही मला सांगितलं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं. मला लाज वाटली. हे लिहायला काही वेगळा शब्द सापडला असता तर बरं झालं असतं.

नोराला सांगितलं, माफीचं पत्र लिही. तिने चार परिच्छेद लिहिले. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर' पासून सुरुवात. शेवटी विचारलं, सूर अधिक औपचारिक हवा की मैत्रीपूर्ण? मी तिची वायर काढली.

६.१०

हॉलिसकडे गेलो. कुंपणाला फाटक ठेवलेलं नाही, त्यामुळे रस्त्याने वळसा घालून जावं लागलं. सात मिनिटं. पूर्वी एक लागायचं.

दार वाजवलं. तो बाहेर आला, माझ्या कोटावरचा चिखल बघितला. मी म्हणालो, निकाल द्यायला आलोय. अकरा फूट. चूक माझी. त्या पाच वर्षांचा रस तुझा.

तो म्हणाला, "हं." मग, "तुझा पाक करपतो, ऑरिन. ग्लेनिसने दिली होती बाटली. आच कमी ठेवायची आणि फडक्यातून गाळायचा."

मी विचारलं, पाच वर्षांत तू बोलला का नाहीस? चार झाडं म्हणजे थोडी नाहीत.

"बोललो होतो की. तू उपग्रह म्हणालास." त्याने डोकं खाजवलं. "मला वाटलं, पहिल्याच वर्षी पाक करपला की विचारायला येशील. मग म्हटलं, दुसऱ्या वर्षी येईल. तू काही येईनास. विनी म्हणाली, त्याला एखादी खुर्ची द्या, खुर्चीसाठी तो कुठेही जाईल."

मी म्हणालो, बर्फाचं पण कळलं मला. तो म्हणाला, "कॅमेरा सरळ करून घे, दाराबाहेर कोण आलं ते दिसेल."

आभार मानायचे राहिले. वाटेत लक्षात आलं, म्हणून परत वळसा घालून गेलो आणि मानले. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी सातला ये. पहार आण."

१९ एप्रिल, रविवार

अधिकृत अहवाल. नोराशिवाय लिहिला: कुंपण चुकीच्या जागी आहे. काढावं. खर्च व मेहनत पीझली याची. सही, कुंपण-निरीक्षक.

ग्लेनिसने वाचला. म्हणाली, तू आजवर लिहिलेल्यातलं हे पहिलंच मी शेवटपर्यंत वाचलं. मग तिने दोन ॲपल पाय भाजले आणि दोन्ही एकाच टोपलीत ठेवले.

पक्षाचा संदेश: 'ऑरिन, आज मध्यरात्री सगळं संपणार.' मी कळवलं, सकाळी सातला काम आहे.

२० एप्रिल, सोमवार. संध्याकाळ

हॉलिस, मी, दोन पहारी, एक ट्रॅक्टर, एक साखळी. दिवसभरात दोन खांब निघाले. चार फूट खोल, सिमेंट. साखळी एकदा तुटली.

पाठ गेली. हाताला फोड. उरले बत्तीस.

काम मात्र मी पक्कं केलं होतं. हे हॉलिसनेही मान्य केलं.